चिंतेचा आजार: कोकणातल्या घरांसाठी ओळख आणि उपचाराची वाट

ज्यांच्या घरात हा विषय पहिल्यांदाच आला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्रास स्वतःला होत असेल, नवऱ्याला, सुनेला किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलाला होत असेल, किंवा तुम्ही आशाताई म्हणून नुकतंच काम सुरू केलं असेल आणि एखाद्या घरातून बाहेर पडताना "हिला नेमकं झालंय काय?" असा प्रश्न पडला असेल, तर पुढच्या पायऱ्या क्रमानेच वाचा.

मी रत्नागिरी जिल्ह्यात समुपदेशनाचं काम करते. "मला चिंता वाटते" असं म्हणत फार थोडे लोक येतात. छातीत धडधडतं, हातापायाला मुंग्या येतात, पोटात गोळा येतो, घास उतरत नाही, रात्री दोनला जाग येते ती येतेच, असं सांगतात. मालवणकडची माणसं म्हणतात, "माका धाप लागता." तक्रार शरीराची असते म्हणून आधी गॅसच्या गोळ्या होतात, मग बीपीच्या, मग तालुक्याला ईसीजी, मग मुंबईच्या भावाकडे जाऊन पुन्हा सगळ्या तपासण्या, आणि त्यातून काही निघालं नाही की देवळात कौल. यात वर्ष सहज जातं. माणूस हळूहळू घराबाहेर पडेनासा होतो, आणि घरचे प्रेमापोटी त्याला बाहेर पाठवेनासे होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात ३० कोटींहून जास्त लोकांना चिंतेचा आजार होता. मनाच्या आजारांमध्ये हा सगळ्यात जास्त आढळणारा आणि उपचारांना चांगली दाद देणारा आजार आहे. वाया जाणारं ते वर्ष वाचवता येतं.

पहिली पायरी: शरीराची तपासणी, एकदाच पण नीट

मनाचं आहे असं घरी बसून ठरवू नका. छातीवर दगड ठेवल्यासारखं दुखणं, ते डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, घाम फुटणं, त्यातून वय चाळिशीच्या पुढे, मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखूची सवय असेल, तर १०८ ला फोन करा आणि रुग्णालय गाठा. पुढची चर्चा नंतर.

असं तातडीचं काही नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना सगळा त्रास सांगा. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि ईसीजी एवढ्यात बरंच कळतं. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असली तर धडधड, थरथर, घाम, वजन उतरणं हे सगळं चिंतेसारखंच दिसतं. रक्त कमी असलं तरी जिना चढताना छाती धडधडते. दम्याची धाप आणि घाबरल्याची धाप यांत गल्लत होते. दिवसाला किती चहा होतो तेही सांगा. मिश्री लावत असाल तर ते लाजून लपवू नका, कारण मिश्रीतलं निकोटिन नाडी वाढवतं. आणि रोज पिणाऱ्या माणसाचे हात सकाळी थरथरत असतील, जीव घाबरत असेल, तर तो बहुधा दारू उतरल्याचा त्रास असतो. त्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करणं धोक्याचं आहे, फिट येऊ शकते. त्याला डॉक्टरांकडेच न्यायला हवं.

रिपोर्ट नॉर्मल आले की दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे त्रास खोटा, असा अर्थ नाही. धडधड खरीच असते. आणि त्याच तपासण्या दर महिन्याला पुन्हा करायच्या नाहीत. प्रत्येक ईसीजीनंतर चार दिवस बरं वाटतं, मग शंका पुन्हा डोकं वर काढते आणि पुढचा ईसीजी हवासा होतो.

दुसरी पायरी: काळजी आणि आजार यांतला फरक

मोहोर आल्यावर आभाळ भरून आलं तर आंबा बागायतदाराला झोप लागणार नाहीच. वारा सुटला आणि होडी किनाऱ्याला लागली नाही तर घरातली बाई दहा वेळा दारात येणार. याला आजार म्हणत नाहीत. आंबा विकून झाला, होडी ओढून शाकारून ठेवली, आणि तरीही जीवाला तोच घोर असेल, एक काळजी मिटली की दुसरी तयार असेल, त्यापायी काम, जेवण, झोप आणि माणसांतलं उठणं-बसणं बिघडत असेल, तर आजाराचा विचार करायचा. असं बहुतेक दिवस सहा महिन्यांहून जास्त चाललं तर डॉक्टर त्याला सर्वसाधारण चिंताविकार म्हणतात. त्यात चिडचिड, मान-खांदे आखडणं आणि थकवा बहुधा असतो. पण त्रास जास्त असेल तर सहा महिने भरायची वाट बघत बसू नका.

बाकीचे प्रकार थोडक्यात. अचानक काही मिनिटांत भीती टिपेला जाते आणि "आता मरणार" असं वाटतं तो पॅनिक ॲटॅक. असे झटके वारंवार यायला लागले आणि पुढच्या झटक्याच्या भीतीने माणूस एसटी, बाजार, देऊळ टाळू लागला की पॅनिक विकार. चार माणसांत बोलायची, जेवायची, सही करायचीसुद्धा भीती वाटते ती सामाजिक भीती. हिला आपण "लाजाळू आहे" म्हणून सोडून देतो आणि हुशार मुलांच्या मुलाखती हुकतात. एखाद्याच गोष्टीची भीती असते, जसं घाटाची, पाण्याची, विजांची. लग्न होऊन परगावी आलेली मुलगी, नोकरी सुटून मुंबईहून गावी परतलेला चाकरमानी, यांना बदल झेपत नाही आणि रडू, घालमेल, झोप उडणं सुरू होतं; तो समायोजनाचा विकार. तो बहुधा काही महिन्यांत ओसरतो, पण मदत मिळाली तर लवकर.

एक सोपी चाचणी जगभर वापरतात, तिला जीएडी-७ म्हणतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दल सात प्रश्न असतात: अस्वस्थ किंवा ताणाखाली वाटलं का, काळजी थांबवता आली नाही असं झालं का, वेगवेगळ्या गोष्टींची फार काळजी वाटली का, निवांत बसणं जड गेलं का, एका जागी बसवलं नाही असं झालं का, चटकन चिडचिड झाली का, काहीतरी भयंकर घडेल अशी भीती वाटली का. "अजिबात नाही" ला शून्य, "काही दिवस" ला १, "निम्म्याहून जास्त दिवस" ला २ आणि "जवळजवळ रोज" ला ३. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांना भेटायचं. या चाचणीवरून निदान होत नाही, पण भेटीआधी कागदावर लिहून नेली तर पाच मिनिटांचं काम एका मिनिटात होतं.

तिसरी पायरी: झटका आला तर त्या क्षणी

शरीरात काय चाललंय हे कळलं की निम्मी भीती उतरते, म्हणून इथे जरा थांबते. संकट आलं की शरीर पळायची तयारी करतं. ॲड्रेनलिन नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं, नाडी वाढते, स्नायू ताठरतात. पॅनिकमध्ये हीच तयारी संकट नसताना सुरू होते. झावळी पडली तरी चोर आला म्हणून भुंकणाऱ्या कुत्र्यासारखं. मग माणूस भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानेच ओठांना, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, हवा पुरत नाही असं वाटतं. हवा पुरत नाही म्हणून आणखी जोरात श्वास, आणि त्रास आणखी वाढतो. प्रत्यक्षात हवा कमी पडलेली नसते. झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग आपोआप उतरतो.

म्हणून श्वास मोठा घ्यायचा नाही, सावकाश सोडायचा. नाकाने चार आकड्यांपर्यंत आत, सहा आकड्यांपर्यंत बाहेर, पोट हलेल असा, पाच मिनिटं. पाय जमिनीवर टेकवा. आजूबाजूच्या पाच गोष्टींची नावं घ्या: शेणाने सारवलेलं अंगण, दोरीवरचा टॉवेल, सुपारीचं झाड, काहीही. तोंडावर पिशवी धरून श्वास घ्यायची जुनी युक्ती करू नका. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर ती घातक आहे. शेजारी बसलेल्याने गर्दी हटवावी, कांदा हुंगवू नये, गदागदा हलवू नये. "तुझ्याजवळ बसलोय, हे उतरणार आहे" एवढंच शांतपणे म्हणत राहावं. आणि शक्य असेल तर झटका उतरेपर्यंत त्याच जागी थांबा. बाजारातून पळत घरी आलात तर मन एवढंच शिकतं की बाजार धोक्याचा.

पूर, वादळ, दरड यांच्यानंतर

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, त्याच दिवशी महाडजवळ तळियेवर दरड आली. अशा घटनेनंतरचे पहिले काही आठवडे झोप न लागणं, दचकणं, तेच तेच डोळ्यांसमोर येणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपसूक कमी होत जातं. त्या दिवसांत लागतं ते कोरडं अंथरूण, जेवण, आपली माणसं एकत्र असणं आणि पंचनाम्याच्या, मदतीच्या कामात कुणीतरी सोबत येणं. ज्याला बोलायचंय त्याचं ऐका. ज्याला नाही बोलायचं त्याच्याकडून सगळी हकीगत वदवून घेऊ नका. एका बैठकीत सगळं ओकून टाकायला लावण्याने फायदा होत नाही. सरसकट झोपेच्या गोळ्याही देऊ नयेत. गावातल्या पुढाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की पाहणीला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासमोर त्याच बाईला उभं करून तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावू नका.

महिना उलटून गेला आणि तरीही पत्र्यावर पावसाचा आवाज सुरू झाला की कुणी उठून बसत असेल, पाण्याची पातळी बघायला रात्रीतून चार वेळा जात असेल, गाळाच्या वासाने सगळं पुन्हा घडतंय असं वाटत असेल, त्या रस्त्याने जाणं टाळत असेल, माणसांपासून तुटल्यासारखं वागत असेल, तर तो आघातानंतरचा ताणविकार असू शकतो. मुलांमध्ये तो वेगळा दिसतो: सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं, आईचा पदर सुटत नाही, खेळातही पूरच येतो. यावर खास उपचार आहेत. आघातावर केंद्रित केलेली बोलण्याची थेरपी त्यात सगळ्यात भरवशाची.

चौथी पायरी: जायचं कुठे

पहिला फोन १४४१६ वर करता येतो. ही टेली-मानस नावाची सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. घाट उतरून जाणं शक्य नसेल, पावसात एसटी बंद असेल, कुणाला कळू नये असं वाटत असेल, तर इथून सुरुवात करा.

प्रत्यक्ष भेटीसाठी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात ओरोस इथे आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयंही आहेत. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासूनचं. त्याचं नाव काढलं की लोक दचकतात, "तिकडे नेऊन ठेवतील" म्हणतात. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. केसपेपर काढायचा, डॉक्टरांना भेटायचं, औषध घ्यायचं आणि दुपारच्या गाडीने घरी यायचं. चिंतेच्या आजाराला भरती करायची वेळ क्वचितच येते.

मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर, ते औषध लिहितात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक औषध देत नाहीत, ते थेरपी देतात. पहिल्या दिवशी सोबत जुने रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं (आयुर्वेदिक पुड्याही) आणि अर्ध्या पानावर लिहिलेली हकीगत न्या: कधी सुरू झालं, काय केल्यावर वाढतं, झोप किती, घरात आधी कुणाला असा त्रास होता का. डॉक्टर दारूबद्दल आणि मरणाच्या विचारांबद्दल विचारतील. ते प्रत्येकालाच विचारतात, वाईट वाटून घेऊ नका. आणि थोडा वेळ एकट्याने बोलायला मागा. सासूसमोर सून खरं सांगत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे उपचार मिळणं हा हक्क आहे आणि तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.

आता देवस्कीबद्दल. ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातल्याने ज्याच्या मनाला बळ येतं, त्याने ते जरूर घालावं. मी कधी कुणाला अडवत नाही. पण "गोळ्या बंद कर, बाहेरचं आहे" असं सांगणारा, उपाशी ठेवणारा किंवा भूत उतरवायला मारहाण करणारा भेटला तर तिथून आपल्या माणसाला ताबडतोब घेऊन या. अशी मारहाण महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

पाचवी पायरी: उपचार

थेरपीत नुसता धीर देत नाहीत. वर्तन-विचार थेरपी ही साधारण दहा-बारा बैठकांची असते, घरी करायचा अभ्यास असतो आणि त्यात टाळलेल्या गोष्टीकडे पायरीपायरीने परत जायचं असतं. समजा, हर्णैचा एक खलाशी आहे. होडी उलटता उलटता वाचली आणि तेव्हापासून तो समुद्रावर गेलेला नाही. त्याला कुणी "मर्द गडी असून घाबरतोस?" म्हणत उचलून होडीत टाकलं तर भीती दुप्पट होते. थेरपिस्ट त्याच्याबरोबर भीतीची उतरंड लिहितो आणि प्रत्येक पायरीला भीतीचे शंभरपैकी गुण त्याच्याकडून घेतो. किनाऱ्यावर बसून लाटा बघणं, २०. जेटीवर लिलावाच्या वेळी उभं राहणं, ३०. नांगरलेल्या होडीत बसून जाळं विणणं, ४५. तांडेलासोबत (होडीच्या प्रमुखासोबत) खाडीत फेरी, ६०. शांत पाण्यात बंदराबाहेर अर्धा तास, ८०. रात्रीची मासेमारी, १००. खालच्या पायरीवर भीती निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं, तीच पायरी रोज करायची, मग वरची. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. उतरंडीच्या खालच्या पायऱ्यांसाठी हे दोन महिने फार उपयोगी. नारळी पौर्णिमेनंतर बाकीच्या. एसटीतून घाट उतरणं असो की शिक्षकांसमोर उत्तर देणं, रीत हीच.

औषधं त्रास मध्यम किंवा जास्त असेल तेव्हा लागतात. एसिटालोप्रॅम, सर्ट्रालीन या गटाच्या गोळ्या पहिल्यांदा दिल्या जातात. त्यांची सवय लागत नाही. पण गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी किंवा उलट थोडी जास्त घालमेल होऊ शकते. इथेच सर्वांत जास्त लोक गोळी सोडतात आणि "मला मानवत नाही" म्हणतात. सोडू नका, डॉक्टरांना फोन करून विचारा. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर ती चालू ठेवायची असते.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम या गोळ्यांनी अर्ध्या-एक तासात बरं वाटतं. तीच त्यांची अडचण आहे. त्या दोन ते चार आठवड्यांपुरत्या असतात. पुढे सवय लागते, डोस वाढत जातो, म्हाताऱ्या माणसांचा तोल जाऊन पडणं होतं. दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. शेजारणीची "झोपेची पांढरी गोळी" मागून घेऊ नका. आणि वर्षभर घेत असाल तर आज एकदम बंदही करू नका, डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरवून देतील.

रोजचं चालणं, ठरल्या वेळी उठणं, दुपारनंतर चहा नाही, रात्री मोबाइल अंथरुणात नाही, योगासनं: यांचा उपयोग होतो. सौम्य त्रासात कधीकधी एवढंच पुरतं. पण ज्याचं घराबाहेर पडणं बंद झालंय त्याला "प्राणायाम कर, सगळं ठीक होईल" म्हणून वाटेला लावणं मला पटत नाही.

घरच्यांनी काय करायचं

"तुला कमी काय आहे?", "विचार करू नकोस", "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" ही तीन वाक्यं बंद करा. पण मला त्याहून जास्त काळजी वाटते ती मायेने केलेल्या मदतीची. ती बाजारात जायला घाबरते म्हणून भाजी दीर आणतो. फोन उचलायला घाबरते म्हणून मुलगी बोलते. रात्री भीती वाटते म्हणून सासूबाई शेजारी झोपतात. प्रत्येक मदतीने त्या दिवसापुरतं बरं वाटतं आणि आजाराचं क्षेत्र एका खोलीने वाढतं. ही मदत एका दिवसात काढून घ्यायची नाही. तिच्याशी बोलून, थेरपिस्टला विचारून, थोडी थोडी कमी करायची: पहिल्या आठवड्यात दीर सोबत जाईल, दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्यावर थांबेल, तिसऱ्या आठवड्यात फक्त फोनवर असेल.

"जगून काय करू" असं कुणी म्हणालं तर थेट विचारा, "मरायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही; बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका, बागेच्या फवारणीची औषधं आणि साठवलेल्या गोळ्या घरातून हलवा, त्याच दिवशी रुग्णालयात न्या किंवा १४४१६ ला फोन लावा.

बरं वाटल्यानंतर

औषध कधी आणि कसं कमी करायचं ते लिहून घ्या. गणपतीच्या किंवा शिमग्याच्या धावपळीत, घरात लग्न असताना किंवा ऐन पावसाळ्याच्या तोंडावर ते कमी करायला घेऊ नका. डॉक्टरांना सांगून महिना-दोन महिने पुढे ढकला. पावसात रस्ते बंद पडतात, म्हणून आगोटीच्या भरणीत, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीत, गोळ्यांचाही विचार करा, म्हणजे मेअखेरीस जाऊन जास्त दिवसांचं औषध मिळेल का ते विचारा. मुंबईला जाणार असाल तर केसपेपरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. त्रास पुन्हा डोकं वर काढू शकतो. लागोपाठ दोन आठवडे झोप बिघडली किंवा पुन्हा एखादी जागा टाळावीशी वाटू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच डॉक्टरांकडे जा, आणि भीतीची जुनी उतरंड लिहिलेला कागद सोबत घ्या.